आर्थर मॉर्गन डाउन्सला मारतो, ते तुम्हाला पटलं?

निळी शाई (धागाकर्ता)

दिवाळीत दारव्ह्याला घरी आलो आणि रेड डेड रिडेम्प्शन २ हा गेम दुसऱ्यांदा संपवला. पहिल्या वेळी जे खटकलं होतं तेच पुन्हा खटकलं. त्यातला डाकूंच्या टोळीतला आर्थर मॉर्गन डायरी लिहितो, झाडापाखरांची चित्रं काढतो, घोड्याशी बोलतो. व्हॅलेंटाइन गावाच्या चिखलात मारामारी चालू असताना थॉमस डाउन्स मध्ये पडतो आणि आर्थरच्या हातून एकाचा जीव वाचवतो. नंतर हाच आर्थर त्याच डाउन्सच्या वावरात जाऊन, खोकून वाकलेल्या त्या माणसाला बायकोपोरासमोर झोडपतो. कशासाठी, तर टोळीची सावकारी बघणाऱ्या स्ट्रॉसने व्याजाने दिलेल्या पैशांसाठी.

टोळीला पैसा हवा होता म्हणे. अहो, ती माणसं रेल्वे लुटतात! माझ्या आर्थरच्या खिशात त्या वेळी हजारावर डॉलर होते, डाउन्सचं कर्ज मीच भरलं असतं. पण गेम तशी सोयच ठेवत नाही. मारल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. लेखकांना डाउन्सच्या खोकल्यातून आर्थरला क्षय द्यायचा होता, म्हणून त्याला तिथे पाठवला, बस. डाउन्स मेल्यावर त्याच्या विधवेकडे पुन्हा वसुलीला जाणं तर त्याहून अचाट. इतका विचार करणारा माणूस असा वागत नाही. ज्यांना हे 'वास्तव' वाटतं त्यांनी कर्जात बुडालेला शेतकरी जवळून पाहिलेला नसावा.

कोरडवाहू

तुझं शेवटचं वाक्य नसतं तर मी गप्प झोपलो असतो. आता ऐक.

मी आर्णीकडचा. २०१६ ते २०१९ बचत गटाच्या बायांना कर्ज देणाऱ्या एका खासगी कंपनीत वसुलीला होतो. नाव सांगत नाही, विचारू नको. बी.ए. झालेला, कॉलेजात वक्तृत्वाची दोन बक्षिसं, आणि हो, डायरी लिहायचो. त्यात कविता पण होत्या, भिकार होत्या. त्यामुळे 'डायरी लिहिणारा माणूस असा वागत नाही' हे वाचून हसू आलं.

काम कसं चालतं ते सांगतो. दहा-बारा बायांचा गट, सगळ्या एकमेकींना जामीन. मंगळवारी सकाळी एकीच्या ओसरीत सतरंजी टाकायची, हप्ते गोळा करायचे. एकीचा हप्ता नाही आला तर बैठक मोडायची नाही. आपण काही बोलायचं नाही, हात उगारायचा नाही, नुसतं बसून राहायचं. बाकीच्यांना वेचणीला जायचं असतं, रोज बुडतो, मग त्याच तिला बोलायला लागतात. अकरा वाजेपर्यंत तिच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो आणि तू पेन हातात धरून सभ्यपणे बसलेला असतोस.

२०१७ चा तो फवारणीचा हंगाम आठवतो ना, यवतमाळ जिल्ह्यात विषबाधा झाली तो? आमच्या गटातल्या एकीचा नवरा त्यातच यवतमाळला भरती होता, डोळ्याला दिसेना. ती मुद्दाम हप्त्यासाठी रात्रीच गावी आली होती, आणि पैसे नव्हते. मी बसलो. तिनंच मला चहा करून दिला, तो मी प्यालो. दुपारी तिनं बकरी विकली.

तुझ्यासारख्याला वाटेल त्या रात्री मला झोप लागली नसेल. लागली. चांगली लागली. वसुली शंभर टक्के झाली होती, साहेबांनी फोनवर शाबासकी दिली होती.

आर्थरला पैसा नको असतो रे. स्ट्रॉस वहीतलं नाव वाचतो आणि आर्थर जातो, कारण ते त्याचं काम आहे. चौदा-पंधरा वर्षांचा होता तेव्हापासून टोळीचा म्होरक्या डच आणि त्याचा साथीदार होझियानं त्याला पोसलं. ज्यानं खाऊ घातलं त्याच्या कॅम्पात कोण कुठं जाणार हे तो ठरवत नाही. तुझ्या खिशात हजार डॉलर होते म्हणतोस. माझ्या खिशातही त्या दिवशी तिच्या हप्त्याएवढे होते, पगार झाला होता. भरावे असं मनात सुद्धा आलं नाही. वसुलीचा माणूस स्वतःच्या खिशातून भरत नाही, भरला की दुसऱ्या दिवशी गावात सगळ्यांना कळतं.

हार्वेस्टर चोर

जोरदार लिहिलं. पण लोकहो, गुन्ह्याच्या कारणाची गोष्ट निघाली आणि सॅन अँड्रियास गेमचं नाव नाही? बिनकामाचा गुन्हा पाहायचा तर त्यातला हिरो सीजे पाहा. आई गेली म्हणून पाच वर्षांनी घरी येतो, पोलिसवाला टेनपेनी विमानतळावरून उचलून त्याला खुनात अडकवतो, इथपर्यंत बरोबर. मग बहिणीकडे पाहून मजुरांनी काहीतरी टोमणे मारले, तर हा त्यांच्या मुकादमाला संडासासकट खड्ड्यात ढकलून वरून सिमेंट ओततो! आणि एका मिशनमध्ये शेतकऱ्यांचं चालू हार्वेस्टर पळवून एका हिप्पीला नेऊन देतो. आमच्या गावात संगणक क्लासवाल्याकडे दहा रुपये तासानं खेळायचो. ते मिशन आलं की मागे उभी पोट्टी ओरडायची, 'अबे, सोयाबीनचं राहू दे, आपलंच आहे!'

रातची लाइन

वावरात बसून राह्यलो, हरभऱ्याले पाणी सुरू आहे. रातची लाइन आहे या हप्त्यात. मंग म्हटलं वाचतो.

कोरडवाहू भाऊ, तुमचं खरं आहे. पण तो स्ट्रॉस मले सावकारच वाटत नाई. मारपीट करते तो कच्चा सावकार. पक्का सावकार मारत नाई, चहा पाजते अन् सातबारा मांगते. माह्या आज्यानं १९९८ मंदी आत्याच्या लग्नासाठी वीस हजार घेतले, शेकडा पाच महिना. तारण म्हणून चार एकराचं खरेदीखत करून देल्लं. 'कागद फक्त इश्वासाले आहे, पैसे आणून द्या अन् वावर घेऊन जा', असं बोलला होता. पैसे फेडले तं म्हणते, खरेदी ते खरेदी. त्यातलं दोन एकर धुऱ्यापलीकडचं होतं, त्यात इहीर होती. आज त्याच इहिरीचं पाणी दुसऱ्याच्या वावरात जाते अन् मी इथून पायतो. आमचा आर्थर एक स्टॅम्प पेपर होता बाप्पा. त्यानं कोणाले बुक्की मारली नाई.

तिसरी पिढी

वर 'पक्का सावकार' वगैरे वाचलं. आमच्या आजोबांचा सावकारीचा परवाना होता, दुकानात फ्रेम करून लावलेला. जरा दुसरी बाजूही ऐका.

रात्री दोन वाजता बाळंतपणासाठी पैसे लागले तर बँक उघडते का? पेरणीच्या तोंडावर बँकेचं पीककर्ज वेळेवर मिळतं का? आजोबांनी कोणाला दारातून परत पाठवलं नाही. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानंतर शेतकऱ्याला तारणावर ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, तेही वर्षाला. त्यात दुकानाचं भाडं निघत नाही. २०१५ मध्ये सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं परवानाधारक सावकाराकडचं कर्ज माफ केलं, पैसे सरकार सावकाराला देणार होतं. आमची निम्मी प्रकरणं कार्यक्षेत्राबाहेरची म्हणून बाद. म्हणजे शेजारच्या तालुक्यातला माणूस आजोबांकडे आला हा आजोबांचा गुन्हा. ज्यांनी कायदा पाळला ते बुडाले आणि बिनपरवान्याचे आज बंगल्यात राहतात.

आणि स्ट्रॉसबद्दल एक गोष्ट कोणी लिहीत नाही. टोळीच्या मागावरच्या पिंकर्टन कंपनीच्या गुप्तहेरांनी हाल करून मारलं तरी त्यानं टोळीचं नाव सांगितलं नाही. ज्यानं कोणाला घोड्यावरून ढकललं नाही, बंदूक धरली नाही, त्याला आर्थर कॅम्पातून हाकलतो. स्वतःच्या हाताला रक्त लागलेलं, आणि हाकलायचं कुणाला तर वही लिहिणाऱ्याला!

रातची लाइन

तुमचे आजोबा परवानावाले होते, चांगली गोष्ट आहे. वहीत नऊ टक्के अन् तोंडी शेकडा पाच, असे परवानावाले बी आमी पायले आहेत. फ्रेम तं आमच्यावाल्याच्याही दुकानात होती.

तिसरी पिढी

माझ्या घरच्यांवर येऊ नका. पुरावा असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करा. कायद्यात जमीन परत मिळवायची तरतूद आहे. इथे रडून काय होतं?

रातची लाइन

अर्ज केला ना बाप्पा. तुमाले काय वाटते, मी रातच्याले इथं पहिल्यांदा रडून राह्यलो? सुनावणीले गेलो तं म्हणे आजा कुठं आहे. आजा २०११ मंदीच गेला. व्यवहाराचा साक्षीदार कोण? सावकाराचा दिवाणजी. तो काय सांगन?

निळी शाई

अरे, गेमवर बोलायचं होतं. मला आर्थरचं कारण हवं होतं, इथे फेरफार आणि खरेदीखत चालू झालं.

कोरडवाहू

तूच म्हणालास ना, आम्ही कर्जबाजारी शेतकरी पाहिला नसेल? आता दिसतोय तर बघ. आणि 'तिसरी पिढी' साहेब, बँकेचं म्हणणं अर्धं मान्य. २००८ ची केंद्राची कर्जमाफी आठवा. पाच एकरापर्यंत पूर्ण माफ, वर असेल तर उरलेलं एकरकमी भरा आणि पंचवीस टक्के सूट घ्या. तिकडे बागायती पाच एकर ऊसवाला झाला लहान शेतकरी, आणि माझा बाप सात एकर कोरडवाहू पऱ्हाटीवाला झाला मोठा. पंच्याहत्तर टक्के भरायला पैसे असते तर थकला असता का? ते भरायला तो पुन्हा तुमच्यासारख्यांच्या दुकानात गेला. २०१७ ला दीड लाखाची मर्यादा आली, २०१९ ला दोन लाखांची, तोवर बाप बँकेच्या यादीतच नव्हता. बँकेचं फेडलं होतं ना, सावकाराकडून आणून! मी इथे 'कोरडवाहू' हे नाव घेतलं ते उगाच नाही.

तिसरी पिढी

म्हणजे त्या वेळी पैसा दिला कोणी? सावकारानंच ना? तेवढं तरी मान्य करा.

कोरडवाहू

दिला. मान्य. डाउन्सलाही स्ट्रॉसनंच दिला होता. हार घालू का?

उपकेंद्र

मी आरोग्याच्या कामात आहे, गेम माझा मुलगा खेळतो. तो खेळताना ते मारायचं दृश्य मी मागे उभी राहून पाहिलं होतं. मला एक सांगायचं आहे, सावकारीपेक्षा वेगळं आहे, राग मानू नका.

एकदा तोंडावर खोकलं आणि क्षय झाला, असं सहसा होत नाही. क्षय हवेतून पसरतो, पण बहुतेक वेळा एका घरात, एका खोलीत, बराच काळ सोबत राहिल्यावर. जंतू शरीरात गेलेल्या दहा जणांतल्या साधारण एकालाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. इथे एकदाच तोंडावर खोकला झेललेला माणूस काही महिन्यांत मरणाच्या दारात. डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच जंतू शोधला होता आणि गोष्ट १८९९ ची आहे, म्हणजे संसर्गाचं ज्ञान तेव्हाही होतं. औषध मात्र नव्हतं. मुलगा म्हणतो, आर्थर थंडीत उपाशी फिरला, दारू-सिगारेट पितो, म्हणून लवकर वाढला. ते होऊ शकतं, तेवढं मान्य.

पण मला राग कशाचा येतो सांगू? 'गरिबाला मारलं म्हणून क्षय झाला', हा विचार. माझ्या गावात एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण तिच्या भावाला क्षय होता. त्या घरानं गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या. दोन महिन्यांत बरं वाटलं की माणसं औषध सोडतात, सहा महिने पूर्ण करत नाहीत, कारण गोळी दिसली की शेजारी विचारतात. क्षयरुग्णाच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे पैसे ५०० वरून २०२४ मध्ये १००० झाले, तरी काही जण नाव लिहायला घाबरतात. आणि मग असा खेळ येतो, क्षय म्हणजे पापाची शिक्षा. ज्याला आजार झाला त्या डाउन्सनं कुठलं पाप केलं होतं?

हार्वेस्टर चोर

ताई, शेवटच्या प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडे. सिमेंटवाल्या मुकादमाचा पण काय गुन्हा होता म्हणा.

निळी शाई

उपकेंद्र ताई, धन्यवाद, तुम्ही माझाच मुद्दा बळकट केला. आजार विज्ञानानं जमत नाही, शिक्षा म्हणून आणलाय. म्हणजे मारण्याचा प्रसंग पण शिक्षेसाठीच रचलाय.

कोरडवाहू भाऊ, तुमचा अनुभव खरा असेल, पण तुमच्याकडे कंपनी होती, साहेब होते, पगार होता. आर्थर स्वतंत्र माणूस आहे. जंगलात राहतो, कायदा मानत नाही, रेल्वे लुटतो. त्याला कोण साहेब? हवं तर नाही म्हणू शकतो. एक पोलिश शेतकरी आहे आठवतो का, त्याला इंग्रजी कळत नाही, त्याच्या घरातून वस्तू उचलाव्या लागतात. आर्थर तिथे कुरकुरतो, वैतागतो, पण करतो. माणसाला स्वतःची घृणा येत असेल तर तो थांबतो.

कोरडवाहू

थांबतो? कोणत्या पुस्तकात थांबतो? कुरकुरणं ही तर कामाची पहिली पायरी. आम्ही सगळे कुरकुरायचो. आर्णीच्या स्टँडवर पाच वसुलीवाले एकत्र जमायचो, कंपनीला शिव्या घालायचो, कांद्याचे भजे खायचो आणि साडेआठला आपापल्या गावाला निघायचो. दोघं आता ग्रामपंचायतीत सदस्य आहेत, चांगले माणसं आहेत.

आणि आर्थर स्वतंत्र? त्याच्या लेकराला आणि त्या लेकराच्या आईला दहा डॉलरसाठी चोरांनी मारलं. तो माणूस टोळीबाहेर एकदा राहून पाहू शकला असता, नाही राहिला. डच त्याचा साहेब नाही, बाप आहे. साहेबाला राजीनामा देता येतो, मी दिला. बापाला कसा देणार? उलट माझ्यापेक्षा त्याचं कारण जास्त पक्कं आहे, मला फक्त आठ हजार आणि पेट्रोल मिळायचं.

रातची लाइन

हे खरं बोलले. आमच्या सावकाराचा दिवाणजी बी असाच. त्याच्या लेकीचं लग्न सावकारानं लावून देल्लं होतं. मंग तो साक्ष काय खरी देईन. मी त्याले शिव्या देतो, पण मी त्याच्या जागी असतो तं... माहीत नाई. कदाचित मी बी तसंच बोललो असतो.

तिसरी पिढी

पाहा, आता तुम्हीच म्हणता.

रातची लाइन

मी दिवाणजीबद्दल बोललो भाऊ. तुमच्याबद्दल नाई. उगाच खूश होऊ नका.

निळी शाई

बरं बाबा. डाउन्सला पहिल्यांदा मारणं... पटलं असं समजा. वैतागून म्हणतोय, पण समजा. तुम्ही सगळे मिळून मला वसुलीला बसवून राहिलात, सतरंजी टाकून.

पण दुसऱ्यांदा? डाउन्स मेला. खोकल्यानं मेला हे आर्थरला माहीत आहे. विधवा सामान बांधून जमीन सोडून निघते आहे, पोरगा आर्चीच्या डोळ्यात आग आहे. आणि आर्थर पैसे घ्यायला उभा. पुढे तीच बाई अंग विकताना दिसते तेव्हा त्याला लाज वाटते. मग आधी का गेला? इथे तरी माना, की लेखकांनी ताणलं आहे.

हार्वेस्टर चोर

इथे मी धागाकर्त्याच्या बाजूने. दुसऱ्यांदा जाणं जास्तच झालं. सीजे पण इतका निर्लज्ज नाही. तो ज्याचं नुकसान करतो त्या मॅड डॉग नावाच्या रॅपरला शेवटी छतावरून उडी मारताना वाचवतो तरी.

उपकेंद्र

मला पण तो भाग सहन झाला नाही. मुलाला बंद कर म्हटलं.

कोरडवाहू

मी पण परत गेलो होतो.

तिचा नवरा वाचला, पण एका डोळ्याची नजर गेली. बकरी विकल्यावर पुढच्या वेळी मी त्याच ओसरीत, त्याच सतरंजीवर. तिनं चहा विचारला नाही. तिच्या पोरानं माझ्या गाडीच्या सीटवर खिळ्यानं रेघ ओढली, मी पाहिलं आणि काही बोललो नाही.

निळी शाई

परत कशाला गेलात? खरंच विचारतोय, भांडायला नाही.

कोरडवाहू

हप्ता दर मंगळवारी असतो.

निळी शाई

...

ठीक. पण रेल्वे लुटणाऱ्यांना चिल्लर वसुलीची गरज का, या मुद्द्यावर मी अजून ठाम आहे. ते तुम्ही कोणी उत्तर दिलं नाही.

तिसरी पिढी

मी देतो. रेल्वे रोज येत नाही. व्याज रोज येतं. हे आजोबांचं नाही, माझं वाक्य आहे, आता यावरून सुरू होऊ नका.

रातची लाइन

लाइन गेली. हरभऱ्याच्या चार सऱ्या राह्यल्या. मी चाललो घरी. हार्वेस्टर भाऊ, हा घोड्यावाला गेम पेनड्राइव्हवर भेटन का? पोट्टं मांगून राह्यलं.

हार्वेस्टर चोर

दादा, त्याला १५० जीबी जागा लागते. तुमच्या पोट्ट्याला सॅन अँड्रियास देतो, क्लासवाल्याकडची जुनी कॉपी आहे. हार्वेस्टरचं मिशन तेवढं त्याला तुमच्यासमोर खेळायला सांगू नका.